कोएन्झाइम क्यू-१० आणि हृदय: प्रस्तावना

१९५७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोवंशाच्या हृदयातील तंतुकणिकांमधून एक पिवळा, तेलात विरघळणारा पदार्थ वेगळा काढला. पुढच्याच वर्षी मर्क कंपनीत कार्ल फोकर्स यांच्या गटाने त्याची रचना उलगडली. तोच आज औषधाच्या दुकानात कोएन्झाइम क्यू-१० या नावाने कॅप्सूलमध्ये मिळतो. कुणी तो बीपीसाठी घेतो, कुणी धाप कमी व्हावी म्हणून, कुणी व्यायामाला ताकद यावी म्हणून. तुम्ही त्या कॅप्सूलबद्दलच्या कुतूहलातून या विषयाकडे वळला असाल, तर तुमचे मनापासून स्वागत.

तंतुकणिकेच्या आतल्या पटलात हा रेणू इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो. त्या देवघेवीत प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात आणि ते परत येताना पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी तयार होते. हा सिद्धान्त मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हा रेणू शरीर स्वतःच बनवते. कोलेस्टेरॉल ज्या रासायनिक मार्गाने बनते त्याचाच एक फाटा याच्याकडे जातो, म्हणून स्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण घटते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांतही ते कमी आढळते. मग ते भरून काढले की हृदय सुधारेल, असे कुणालाही वाटेल. पण ही कमतरता आजाराचे कारण की परिणाम, हे आधी विचारायला हवे.

रक्तदाबाचे प्रकरण मला तुलनेने सोपे वाटते. २००७ च्या एका आढाव्यात वरचा दाब १७ मिलिमीटरपर्यंतच्या फरकाने उतरल्याचे म्हटले होते. मात्र त्यातल्या बऱ्याच चाचण्यांत रुग्णाला आपण काय घेतो आहोत हे ठाऊक होते. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्याने निकष कडक लावले, तेव्हा दखल घेण्याजोगा परिणाम उरला नाही. त्यामुळे बीपीची गोळी बंद करून ही कॅप्सूल घेण्याला आधार नाही.

हृदयाच्या बाबतीत मात्र गुंता आहे आणि खरा रसही तिथेच आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या मेरीलँडच्या चाचणीत हार्ट फेल्युअरच्या ५५ रुग्णांपैकी काहींना रोज २०० मिलिग्रॅम औषध, तर इतरांना प्लासिबो दिला गेला. औषध घेणाऱ्यांच्या रक्तातली पातळी वाढली, पण व्यायामाचा वेळ, प्राणवायूचा कमाल वापर, हृदयाचे आकुंचन यांपैकी काहीच सुधारले नाही. २०१४ साली क्यू-सिम्बिओ चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ४२० रुग्ण होते आणि औषध १०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, असे दोन वर्षे चालले. सोळा आठवड्यांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. दोन वर्षांनी मात्र हृदयाच्या गंभीर घटना औषधाच्या गटात १५ टक्के, तर प्लासिबोच्या गटात २६ टक्के रुग्णांत घडल्या होत्या. म्हणजे चालण्याची ताकद मोजून जे दिसले नाही, ते काळ जाऊ दिल्यावर दिसले! हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. पण ४२० रुग्णांच्या भरवशावर उपचारपद्धती बदलू नये, असेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन.

दरम्यान हार्ट फेल्युअरवर नवी, प्रभावी औषधे आली आहेत. त्यांच्या जोडीला हा रेणू दिल्यास आणखी फायदा होतो का, हे ठरवायला मोठी, दीर्घकाळ चालणारी चाचणी हवी. ती उभी करण्यात तुमच्यापैकी कुणाचा तरी हात असावा, अशी माझी इच्छा आहे.