सफाईचे जीव (खाऱ्या पाण्याच्या टाकीतील)

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत शेवाळ, उरलेले अन्न व मेलेल्या जीवांचे अवशेष खाणारे, बहुतांशी अपृष्ठवंशी प्राणी. टाकी पाळणारे त्यांना सरसकट ‘क्लीनअप क्रू’ म्हणतात. समुद्री गोगलगायी, रिकाम्या शंखात राहणारे हर्मिट क्रॅब, काही कोळंब्या व सी अर्चिन यांचा त्यांत समावेश होतो. या नोंदीत नव्या टाकीसाठी त्यांची निवड कशी करावी, याचा विचार कर्जत व खालापूर या रायगडच्या आतल्या तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

स्थानिक परिस्थिती : रायगड किनारी जिल्हा असला तरी हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. उल्हास आणि पाताळगंगा या येथील नद्यांचे पाणी गोडे आहे, त्यामुळे टाकीचा समुद्र घरीच तयार करावा लागतो. आरओचे पाणी घेऊन त्यात दर लिटरला सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ विरघळवतात. २०० लिटरच्या टाकीला साधारण सात किलो मीठ लागते. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६ दरम्यान राखावे. उन्हाळ्यात बाष्पीभवन वाढले की मीठ मागे राहते आणि पाणी खारट होत जाते. पाण्याची ही घट साध्या आरओ पाण्याने रोज भरून काढायची असते, खाऱ्या पाण्याने नव्हे. पाणी भरण्यासाठी तांब्याचा हंडा किंवा कळशी कधीही वापरू नये. माशांना सोसेल एवढे तांबेही गोगलगायींना व कोळंब्यांना मारते. माशांच्या रोगांवरील तांबेयुक्त औषधांनाही हाच नियम लागू आहे.

अलिबाग किंवा किहीमहून समुद्राचे पाणी भरून आणण्याचा मोह अनेकांना होतो. पावसाळ्यात ते गढूळ असते, नद्यांच्या पुरामुळे त्याचा खारटपणा उतरलेला असतो, म्हणून त्या महिन्यांत ते घेऊ नये. शेतातले मुठे किंवा ओढ्यातल्या गोगलगायी खाऱ्या टाकीत जगत नाहीत.

निवडीची वेळ : नवी टाकी भरल्यावर अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. खरी सफाई हे जिवाणू करतात. गोगलगाय शेवाळ खाते आणि त्याची विष्ठा करते, म्हणजे पोषक द्रव्ये टाकीतच राहतात. पाणी बदलण्याला ती पर्याय नाही. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय एकही जीव सोडू नये.

पुढे वाळूवर व काचेवर तपकिरी थर येतो. तो डायअ‍ॅटम या सूक्ष्म शैवालांचा असतो आणि पाण्यातील सिलिकेट संपत आले की बहुधा आपोआप ओसरतो. हिरवे शेवाळ त्यानंतर येते. तपकिरी थर दिसताच घाबरून डझनावारी गोगलगायी आणल्या, तर महिन्याभरात खायला काही उरत नाही आणि त्या उपाशी मरतात. नव्या टाकीतील अनेक मृत्यू याच कारणाने होतात, आणि ते टाळण्यासारखे असतात.

परदेशी पुस्तकांत ‘लाइव्ह रॉक’वर, म्हणजे जिवंत जिवाणू व सूक्ष्मजीवांसह समुद्रातून आणलेल्या प्रवाळखडकावर, भर असतो. त्यासोबत बारीक किडे व कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव) फुकट येतात. भारतात प्रवाळांना कायद्याचे संरक्षण असल्याने कोरडा किंवा कृत्रिम खडक वापरावा लागतो. हे अदृश्य मदतनीस मिळत नसल्याने येथील टाकी रुळायला अधिक धीर लागतो.

गोगलगायी : सफाईच्या जीवांत सर्वांत महत्त्वाचा गट. गोगलगायीच्या तोंडात दातेरी पट्टीसारखा अवयव असतो. त्याने ती काचेवरचा थर खरवडते. शेवाळलेल्या काचेवर सकाळी नागमोडी, दातेरी कडांचे स्वच्छ पट्टे दिसतात, ते रात्रीच्या चराईचे माग होत. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक घासाची रेघ वेगळी दिसते.

ट्रोकस : शंकूच्या आकाराची. काचेवरून पडून उलटी झाली तरी स्वतःहून सुलट होते, हा तिचा मोठा गुण. अ‍ॅस्ट्रिया जातीला ते सहसा जमत नाही; वाळूवर उताणी पडली की ती मरते किंवा हर्मिट क्रॅबच्या तोंडी जाते. नवशिक्याने पहिली गोगलगाय म्हणून ट्रोकस गटातलीच घ्यावी.

टर्बो : भरपूर खाते, लांब केसाळ शेवाळही फस्त करते. पण आकाराने जड असल्याने खडक ढकलते व लहान टाकीत लवकर उपाशी पडते. परदेशातून येणाऱ्या काही टर्बो थंड पाण्याच्या असतात आणि कोमट टाकीत टिकत नाहीत.

नेरिटा : काच उत्तम साफ करते. मात्र भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली असल्याने पाण्याबाहेर चढते. झाकण नसेल तर भिंतीवर सापडते. काचेवर पांढरे, खवल्यासारखे अंडकोश चिकटवते. ते निघता निघत नाहीत.

सेरिथ : निशाचर. वाळूत व वाळूवर दोन्हीकडे काम करते. लहान टाकीस योग्य.

नॅसारियस : शेवाळ खात नाही, मेलेले मांस खाते. दिवसभर वाळूत पुरलेली असते, फक्त सोंडेसारखी नळी वर असते. कोळंबीचा छोटा तुकडा टाकला की काही क्षणांत वाळू ठिकठिकाणी उकरली जाते आणि गोगलगायी तुकड्याकडे धावत निघतात. मासा मरून खडकामागे अडकला असेल तर त्याचा पत्ता याच लावतात.

किनाऱ्यावरच्या जाती : अलिबाग, रेवदंडा व मुरूडच्या खडकाळ पट्ट्यांत नेरिटा, ट्रोकस रेडिएटस व टर्बोची जवळची नातेवाईक ल्युनेला कोरोनाटा या गोगलगायी आढळतात. मुंबई परिसरातील समुद्री गोगलगायींची नोंद सुब्रह्मण्यम, करंदीकर व मूर्ती यांनी १९५०च्या सुमारास केली होती. ओहोटीत तापलेल्या खडकावर जगणाऱ्या या जातींना उष्णता सोसते, म्हणून चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) नसलेल्या कर्जतच्या टाकीला त्या शीतसमुद्री जातींपेक्षा बऱ्या. परंतु त्याच खडकांवर थाइस गटातील शिकारी गोगलगायीही असतात. त्या इतरांच्या शंखाला भोक पाडून आतला जीव खातात, आणि अननुभवी माणसाला दोन्हींतला फरक सहज कळत नाही. ओळख पक्की नसेल तर जिवंत काही उचलू नये. वाळूत पडलेले रिकामे शंख मात्र उकळून, धुऊन हर्मिट क्रॅबसाठी वापरता येतात.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या अनुसूचींत २००१मध्ये अनेक सागरी जीवांची भर पडली. सर्व समुद्रकाकड्या, खडक बांधणारी सर्व प्रवाळे, ट्रोकस निलोटिकस व टर्बो मार्मोरेटस हे त्यांतले. वाळू साफ करणारी म्हणून परदेशात सुचवली जाणारी समुद्रकाकडी त्यामुळे येथे पाळता येत नाही. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली. खरेदीपूर्वी चालू यादी पाहणे आवश्यक. विक्रेता नुसते ‘ट्रोकस’ म्हणतो तेव्हा कोणती जात, हे विचारून घ्यावे.

हर्मिट क्रॅब : उरलेले अन्न व काही प्रमाणात शेवाळ खातात. वाढताना मोठा शंख लागतो. तो मिळाला नाही तर जिवंत गोगलगायीला मारून तिचा शंख घेतात. काही जाणकार त्यांना नव्या टाकीत अजिबात घेत नाहीत. ठेवायचेच असतील तर दोन-तीन लहान ठेवावेत आणि प्रत्येकी दोन-तीन जास्तीचे शंख वाळूवर ठेवावेत.

कोळंब्या : लायस्माटा अ‍ॅम्बोइनेन्सिस माशांच्या अंगावरचे परजीवी टिपते, शेवाळासाठी उपयोग नाही.

एमरल्ड क्रॅब : फुग्यासारखे शेवाळ आले तरच.

सी अर्चिन, तारामासे : पहिल्या वर्षी नकोत.

संख्या : दर गॅलनला (सुमारे पावणेचार लिटर) एक गोगलगाय, असे प्रमाण व्यापारात रूढ आहे. त्याविषयी मतभेद असले तरी नव्या टाकीसाठी ते फारच जास्त आहे. २०० लिटरला तीन ट्रोकस, चार-पाच सेरिथ व तीन नॅसारियस यांवर सुरुवात करावी. महिनाभर काच पाहावी आणि शेवाळ वाढतच असेल तरच भर घालावी. माशांना अन्न कमी घातले तर बहुतेकदा भर घालावीच लागत नाही.

आणणे व रुळवणे : कर्जत-खोपोलीकर पाळणारे मुख्यतः कुर्ला व क्रॉफर्ड मार्केटमधून जीव आणतात. लोकलच्या दोन तासांच्या प्रवासात पिशवी उन्हापासून जपावी. मे महिन्यात जाड थर्माकोलचा डबा हवाच. घरी आल्यावर पिशवीतले पाणी व जीव भांड्यात काढून टाकीचे पाणी बारीक नळीने थेंबथेंब, निदान तासभर सोडावे. क्षारतेतला अचानक फरक मासा सोसतो, गोगलगाय सोसत नाही. शंखाची वाढ नीट व्हावी म्हणून पाण्यात लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम असावे.

दोन दिवस न हललेली गोगलगाय उचलून वास घ्यावा. मेलेलीचा वास चुकत नाही, आणि ती लगेच काढावी लागते. लहान टाकीत एका मोठ्या टर्बोच्या कुजण्याने अमोनिया पुन्हा चढतो. घाटपायथ्याच्या गावांत पावसाळी वाऱ्यात वीज जाते, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवावा. पाणी थांबले की प्राणवायू घटतो.

विल्हेवाट : टाकी मोडल्यास जीव दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा विक्रेत्याला द्यावेत. बाहेरच्या जाती अलिबागच्या किनाऱ्यावर सोडल्यास तेथे रुजण्याचा किंवा रोग पसरण्याचा धोका असतो, आणि उल्हास वा पाताळगंगेत सोडलेला खाऱ्या पाण्याचा जीव जगत नाही.