ग्वानाह्वातोच्या पोटात

भिंतीला चिकटून उभे राहा आणि येणाऱ्याला वाट द्या. साल १८०३, मेक्सिकोतलं ग्वानाह्वातो शहर, ला वालेंसियाना खाण, दगडात खोदलेल्या पायऱ्यांची संपता न संपणारी रांग. वर चढणाऱ्या माणसाच्या पाठीवर खनिजाचं पोतं आहे, शंभर किलोंच्याही पुढचं. कमरेच्या वर तो उघडा. खांदा सोलवटू नये म्हणून पोत्याखाली घोंगडीची घडी, टेकायला हातात आखूड काठी. पायऱ्या तो सरळ चढत नाही, या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चढतो. खाणीतला वारा छातीवर सरळ घेतला की दम लागतो, तिरका घेतला की जरा कमी लागतो, हे इथल्या हमालांना अनुभवानं कळलंय. त्यांच्या या चालीची नोंद करणारा पाहुणा याच दिवसांत शहरात मुक्कामाला आहे, जर्मन शास्त्रज्ञ आलेक्झांडर फॉन हंबोल्ट.

हमालाच्या मागोमाग चढा. वर झडती होईल. केसांत हात घालून पाहतात, काखा पाहतात, तोंड उघडायला लावतात, कारण चांदीचा खडा गालात धरून बाहेर काढण्यात इथले लोक पटाईत आहेत. तुम्हाला वाटेल, गुलामच असणार हे. पण मेक्सिकोच्या खाणींत या काळात माणसं रोजंदारीवर, आपल्या मर्जीनं येतात, आणि इथला रोज शेतमजुरापेक्षा बराच चढा आहे. स्पॅनिश अमेरिकेचं आपल्या मनातलं चित्र बहुधा पोतोसीच्या खाणींतल्या वेठबिगारीवरून रंगलेलं असतं. ते इथं तसंच्या तसं बसत नाही. अशी पोती वाहून छाती किती वर्षं टिकते, ते मात्र मुकादमाच्या वहीत सापडायचं नाही.

बाहेर आलात की समोर सान कायेतानोचं चर्च, १७८८ साली पुरं झालेलं. आत सोन्याच्या वर्खानं मढवलेल्या वेद्या. खाणीचा मालक आंतोनियो दे ओब्रेगोन याच चांदीवर ‘वालेंसियानाचा काउंट’ झाला. बांधकामाच्या चुन्यात वाईन आणि चांदीची पूड कालवली होती, असं लोक सांगतात. ऐकून घ्यावं.

आता उतारानं खाली चला. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचावर, पण वसलंय अरुंद दरीच्या तळाशी. सपाट जागा म्हणून नाही. घरं एकमेकांच्या डोक्यावर चढलेली, गल्ल्या घरांच्या फटींतून निघालेल्या. नदीकाठी फरसबंद अंगणं दिसतील. त्यांत राखाडी चिखल पसरलाय आणि डोळे बांधलेली खेचरं त्यात गोल गोल फिरताहेत. हा चिखल म्हणजे दळलेलं खनिज. त्यात मीठ, मोरचूद आणि पारा मिसळून आठवडेच्या आठवडे तुडवायचा. पारा चांदीला धरतो. मग चिखल धुवायचा आणि उरलेला गोळा तापवायचा, की पारा उडून जातो. बार्तोलोमे दे मेदिना यानं ही रीत १५५० च्या दशकात पाचुका इथं बसवली. पारा विकायचा हक्क फक्त राजाचा, आणि तो येतो बव्हंशी स्पेनमधल्या आल्मादेनहून. अंगणातली माणसं त्या चिखलात अनवाणी उभी आहेत.

इथली चांदी मेक्सिको शहराच्या टाकसाळीत जाते, तिथून नाण्यांच्या रूपानं वेराक्रूसमार्गे युरोपात आणि आकापुल्कोमार्गे मनिलाला. स्पॅनिश अमेरिकेची ही नाणी सुरतेत आणि मुंबईतही पोचली, वितळली आणि त्यांचे रुपये पडले. पेशवाईतल्या एखाद्या सावकाराच्या थैलीत या दरीतली चांदी असू शकेल. एकदा वितळल्यावर तिला गाव कुठलं?

धुतलेल्या चिखलाचा गाळ मात्र इथंच राहतो, नदीत. खाणींच्या टेकूंसाठी आणि भट्ट्यांसाठी डोंगर बोडके झालेत. पात्र गाळानं उथळ होत जातं, पाऊस बोडक्या डोंगरावरून थेट खाली येतो आणि शहर बुडतं. पूर ओसरला की लोक रस्त्यावर भर घालतात, जुना मजला गाडतात, वर नवा चढवतात. सान दिएगोचा जुना मठ असाच गाडला गेला. त्याचे अवशेष आजही जमिनीखाली उतरून पाहता येतात.

आणखी सात वर्षं पुढं. २८ सप्टेंबर १८१०. आलोंदिगा दे ग्रानादितास या अवाढव्य धान्यकोठारासमोर उभे राहा, पण भिंतीपासून लांब. १७८५–८६ च्या दुष्काळात माणसं अन्नान्न करून मेली, तशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून हे कोठार उभारलं. ते पुरं होऊन वर्षच झालंय. स्पेनच्या सत्तेविरुद्ध बंड पुकारलेल्या मिगेल इदाल्गो या धर्मगुरूच्या मागं हजारोंचा जमाव शहरावर चालून येतोय, आणि प्रांताधिकारी रियान्योनं काय केलं? सरकारी खजिना, स्पॅनिश धनिक आणि त्यांची चांदी रातोरात कोठारात हलवली आणि दारं लावून घेतली. गावकऱ्यांसाठी बांधलेलं कोठार गावकऱ्यांनाच बंद! माझ्या मते लढाईचा निकाल त्याच रात्री लागला. वालेंसियानाचे खाणकामगार जमावाला मिळाले.

रियान्यो सुरुवातीलाच गोळी लागून पडतो. वरून काहीतरी जड येऊन आदळतं, फुटतं, माणसं कोसळतात. पाऱ्याच्या लोखंडी बाटल्या आहेत त्या, दारू ठासून केलेले बाँब. खाली दाराला आग लागते. पाठीवर सपाट शिळा बांधून, गोळ्या झेलत दारापर्यंत सरपटत गेलेला पीपिला नावाचा खाणकामगार आज टेकडीवर प्रचंड पुतळा होऊन उभा आहे. लुकास आलामान त्या दिवशी याच गावात होता, सतरा वर्षांचा. पुढं तो मोठा इतिहासकार झाला आणि पीपिलाची गोष्ट त्यानं मानली नाही. दार जळालं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. आतल्यांची सरसकट कत्तल झाली. तिथं थांबू नका.

पुढच्याच वर्षी इदाल्गो पकडला गेला, त्याला गोळ्या घातल्या. त्याचं आणि आयेंदे, आल्दामा, हिमेनेस या साथीदारांची शिरं पिंजऱ्यांत घालून याच कोठाराच्या चार कोपऱ्यांना टांगली. ती १८२१ पर्यंत, स्वातंत्र्य दारात येईपर्यंत, तिथंच होती. कोठार पुढं तुरुंग झालं, आता वस्तुसंग्रहालय आहे.

स्वातंत्र्ययुद्धात खाणींत पाणी भरलं. ते उपसायला इंग्रज कंपन्या यंत्रं घेऊन आल्या; भांडवल जमवणाऱ्यांत तोच आलामान होता. १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोर्फिरियो दियास तेआत्रो हुआरेस या नाट्यगृहाच्या उद्घाटनाला आला, ‘आयदा’ ऑपेरा झाला. दोनच वर्षांनी, १ जुलै १९०५ ला, नदीनं पुन्हा शहर बुडवलं.

यावेळी भर घालून भागणार नव्हतं. नदीच वळवली, आणखी खालच्या बोगद्यांत. तिचं रिकामं, कमानींनी झाकलेलं पात्र साठ वर्षांनी रस्ता झालं. आज त्यातून गाड्या धावतात. मान वर केलीत तर कमानींवर घरं तोललेली दिसतील. १९८८ मध्ये युनेस्कोनं शहर आणि खाणी मिळून जागतिक वारसा जाहीर केला.

जुलैच्या पहिल्या सोमवारी आलात तर प्रेसा दे ला ओया या अठराव्या शतकातल्या धरणाकडे जा. पात्रातला गाळ धुऊन काढायला त्याचे दरवाजे उघडत. आता त्याची जत्रा झालीय. बँड वाजतो, दरवाजा उघडतो, लोक टाळ्या वाजवतात. बाजारात पिळाच्या साखरेच्या चारामुस्का मिळतात, इथल्या प्रसिद्ध ममींच्या आकाराच्याही. मुलं आधी डोकं खातात. परतीची बस हवी असेल तर जिना उतरा, थांबा खाली नदीत आहे.