ठिणगीची वंशावळ

मोटारसायकलीला मराठीने ‘फटफटी’ हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. कानाला जे ऐकू आले ते शब्दात उतरले. परंतु हा सारा फटफटाट ज्या एका गोष्टीवर अवलंबून असतो ती स्वतः अगदी मूक आणि डोळ्यांआड राहणारी आहे. ती म्हणजे प्लगच्या टोकाशी क्षणभर चमकून जाणारी निळसर ठिणगी. ती उडाली नाही तर टाकीत कितीही पेट्रोल असो, फटफटी म्हणजे नुसते लोखंड! या ठिणगीला मोठा इतिहास आहे, आणि आमच्या दोडामार्गासारख्या कोपऱ्यातल्या गावीही तो कधीकधी एखाद्या गाडीच्या वायरीत अडकून बसलेला सापडतो.

आरंभी इंजिन पेटवायचे कसे हाच मोठा प्रश्न होता. 1860 साली लेन्वार नावाच्या गृहस्थाने आपल्या गॅसइंजिनात विजेची ठिणगी वापरली खरी, पण ती साधने फार नाजूक होती. 1885 मध्ये जर्मनीत डाइमलरने लाकडी सांगाड्याची जी पहिली पेट्रोलवरची दुचाकी बनविली, तिच्यात ठिणगी नव्हतीच! एक नळी बाहेरून ज्योतीने लाल तापवायची आणि तिच्या धगीने आतला वायू पेटवायचा, अशी ती युक्ती. चुलीवर बसून प्रवास करण्याचाच हा प्रकार म्हणायचा.

यातून सुटका केली ती मॅग्नेटोने. फॅरडेने 1831 साली दाखवून दिले होते की, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला की तारेत वीज निर्माण होते. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशने 1887 मध्ये याच तत्त्वावर एका जागी बसविलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनविला आणि 1897 मध्ये तो द दियाँ-बूताँ कंपनीच्या तीनचाकीवर चढविला. पुढे 1902 साली त्याचा सहकारी होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला. आता बॅटरी नको, ज्योत नको. इंजिन फिरले की आपली ठिणगी आपणच घडवी. याला मी ठिणगीचे स्वराज्य म्हणतो.

दुसरी शाखा बॅटरीची. अमेरिकेत केटरिंगने बॅटरी, कॉईल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांची जोडणी रूढ केली, आणि ती पुढे जगभर पसरली. आपल्याकडे 1952 साली सैन्याने 800 बुलेट मागविल्या आणि 1955 पासून मद्रासेला त्यांचा कारखाना उभा राहिला. पॉइंटवाली बुलेट ज्यांनी चालविली असेल त्यांना दिव्याच्या डोक्यावरचा तो अँपिअरमीटर आठवेल. किक हळूहळू दाबावी, काटा ‘वजा’कडून मध्यावर आला की थांबावे, डाव्या हाताने दाब सोडावा आणि मग पाय पूर्ण मारावा. काटा मध्यावर येणे म्हणजे पॉइंट उघडणे. कोणी शास्त्र न शिकविताच कोकणातल्या कितीतरी मेस्त्र्यांना त्या काट्यावरून विजेची वाट कळू लागली. पावसाळ्यात पॉइंटवर ओल आली की पॉलिश पेपरचा एक तुकडा, एक फुंकर, आणि गाडी चालू!

1984 ते 1986 या काळात जपानी सहकार्याने बनलेल्या शंभर सी.सी.च्या गाड्या आल्या आणि ‘सी.डी.आय.’ नावाची काळी डबी घराघरात पोचली. पॉइंट गेले. मॅग्नेटवरची बारीक तारेची एक कॉईल शे-दोनशे व्होल्टची वीज बनवी, ती डबीतल्या कपॅसिटरमध्ये साठे, आणि दुसरी चिमुकली ‘पिकअप’ कॉईल इशारा देताच ती एकदम मोठ्या कॉईलमध्ये ओतली जाई. तिथे तिचे हजारो व्होल्ट होत. हेही स्वराज्यच होते. बॅटरी मेली तरी किकने गाडी चाले. मागाहून अनेक गाड्यांनी ही बारीक कॉईल काढून टाकली आणि डबीला सरळ बॅटरीचे बारा व्होल्ट दिले. बाहेरून डबी तशीच दिसते, पण आतला कारभार सर्वस्वी निराळा.

हा फरक किती महाग पडतो, ते गेल्या पावसाळ्यात मी पाहिले. दोडामार्ग ही पूर्वी सावंतवाडी संस्थानाची कड. 19 डिसेंबर 1961 पर्यंत पलीकडे पोर्तुगीजांचा अंमल. आज त्याच सरहद्दीवरून आमची तरुण मुले पहाटे फटफटीवर बसून गोव्यातल्या कारखान्यांत कामाला जातात. शेजारच्या अशाच एका मुलाच्या जुन्या गाडीचे इंजिन जाम झाले. दुसऱ्या गावच्या एका गॅरेजात त्याच घराण्यातले पण पुष्कळ अलीकडचे इंजिन बसवून घेतले. बोल्ट जुळले, चेन जुळली; परंतु गाडी काही सुरू होईना. चार दिवस रजा झाली होती, आणि कंत्राटी कामगाराची रजा म्हणजे काय ते सांगावयास नको.

आमच्या बाजारातला वृद्ध मेस्त्री आला. त्याने घाई केली नाही. प्लग काढून इंजिनाच्या डोक्याला टेकविला, पडवीच्या काळोखात किक मारविली, ठिणगी नाही. नवा प्लग लावला, नाही. टोपी काढून नुसती वायर लोखंडापासून दोन सुतांवर धरली, तरीही नाही. मग चावीकडून येणारी, गाडी बंद करणारी वायर सोडविली, कारण ती कुठे अंगाला टेकली असती तर ठिणगी तिथेच मरती. फरक पडला नाही. मीटर लावून पिकअप कॉईल पाहिली, ती शाबूत.

“मगे करंट खंय गेलो?” तो स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने मॅग्नेटचे झाकण उघडले. जुन्या इंजिनाची प्लेट शेजारी ठेवली. जुन्या प्लेटवर जाड तारेच्या कॉईलींबरोबर एक बारीक तारेची, पट्टी गुंडाळलेली कॉईल होती. नव्या प्लेटवर सगळ्या जाडच! जुन्या गाडीची डबी ज्या काळ्या-लाल वायरीतून वीज मागत होती, तिला इंजिनाकडून जोडीदारच नव्हता.

“इंजिनाक दोष नाय, गाडयेकय दोष नाय,” मेस्त्री म्हणाला, “दोघांची भास येगळी.”

उपाय दोन होते. जुनी प्लेट आणि जुना मॅग्नेट जोडीने चढवावा; परंतु नव्या दांड्यावर तो बसेना. म्हणून दुसरा उपाय: बॅटरीवर चालणारी डबी आणली. इथेही एक मेख होती. जुनी चावी बंद करताना डबीची वायर अंगाला टेकविते. नवीन डबीला मात्र बंद करताना पुरवठा तोडावा लागतो. मेस्त्र्याने जुनी बंद-वायर मोकळी ठेवून तिच्या टोकाला पट्टी गुंडाळली, चावी फिरविल्यावर जिच्यात वीज येते त्या तारेवरून फ्यूज घालून पुरवठा घेतला आणि पुन्हा काळोखात किक मारविली. टच्चकन् निळी ठिणगी!

मेस्त्र्याने दोन गोष्टी बजावल्या. एक, आता बॅटरी मेली तर किकही कामाची नाही. पूर्वीचे स्वराज्य संपले. दुसरी, इंजिनाचा नंबर बदलला आहे, तेव्हा परिवहन कचेरीत जाऊन नोंदणीपुस्तकात त्याची नोंद करून घे. रोज राज्याची सीमा ओलांडणाऱ्याने कागद पक्के ठेवावेत. मुलगा दुसऱ्या दिवशी कामावर गेला. नोकरी राहिली.

मला या प्रसंगात इतिहासाचा एक धडा दिसतो. यंत्रातला कोणताही भाग एकटा नसतो. तो आपल्या काळची रीत बरोबर घेऊन येतो. दोन काळ एकाच सांगाड्यात नांदवायचे तर नुसते बोल्ट जुळून भागत नाही, दोघांची देवघेव जुळवावी लागते. आणि ठिणगी का नाही, हे शोधायचे तर ती जिथून निघते तिथपर्यंत एकेक पायरी मागे जावे लागते. इतिहासकार याहून वेगळे काय करतो?

1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकींतून कार्बोरेटरही गेला. विजेच्या गाड्यांत तर प्लग नाही, ठिणगी नाही, आवाजही नाही. त्या गाडीला आपली नातवंडे काय म्हणतील, कोण जाणे! फटफटी मात्र म्हणणार नाहीत.