स्थिरचित्रातील वाद्ये

वादकाविना वाद्य रंगवून नाद सुचवणारा स्थिरचित्राचा प्रकार. इटलीतील बेर्गामोचा एवारिस्तो बास्केनिस (१६१७–७७) ल्यूटच्या पालथ्या पाठीवर धूळ रंगवी आणि त्या धुळीत बोटांच्या रेघाही. वाद्य किती काळ मुके आहे ते त्यातून उमगते. फ्रेंच घनवादी चित्रकार ब्राकने १९१० च्या सुमारास व्हायोलिनचे कोनाकोनांत तुकडे केले.

आपल्याकडे महाराष्ट्रातील इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेतही स्थिरचित्र असते. रायगड जिल्ह्याच्या महाड-पोलादपूर पट्ट्यात त्यासाठी वाद्यांना तोटा नाही : शिमग्याच्या खालूबाजातील ढोल-सनई, भजनातले टाळ, वीणा. पण चित्रकाराला सर्वांत बोलका पखवाजच. उजव्या तोंडावर काळी शाई, डाव्यावर कणीक, चामडी पट्ट्यांखाली लाकडी गठ्ठे. कणीक ओली रंगवली, की भजन सुरू होणार. खरवडलेली दिसली, की उरकले.