बसण्याची किंमत : इराण्याच्या हॉटेलापासून लोणावळ्याच्या कॅफेपर्यंत

विषय वाचून काहींनी मला विचारलं की तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर कॉफीच्या दुकानात काय शोधतोय. मी म्हटलं, कर्तव्य, हक्क आणि मालकी हे तीन प्रश्न एकाच टेबलावर बघायचे असतील तर याहून सोयीची जागा मला माहीत नाही.

प्रसंग तुमच्या डोळ्यांसमोरचाच घेऊ. जुलै महिना, शनिवार, लोणावळा. बाहेर धो धो पाऊस. कॅफेत एक तरुण अकरा वाजता आला, एक कॉफी घेतली, भिंतीतल्या सॉकेटला चार्जर लावला आणि तीनपर्यंत लॅपटॉपवर काम करत बसला. दाराशी मुंबईहून आलेलं एक कुटुंब, आजींसकट, टेबलाची वाट पाहत उभं आहे. गल्ल्यावर बसलेला मालक एकदा त्या तरुणाकडे बघतो, एकदा दाराकडे. मनात म्हणतो, ‘फुकटची वीज जाळतोय.’

आता हिशेब करू. लॅपटॉप साधारण 60 वॅट खातो असं धरा. चार तासांत 240 वॅट-तास, म्हणजे पाव युनिटसुद्धा नाही. व्यापारी दर युनिटला 20 रुपये धरला तरी पाच रुपयांच्या आत काम भागलं. त्या कॉफीबरोबर ठेवलेली साखरेची पुडी आणि कागदी रुमाल यांचा खर्चही जवळपास तेवढाच असेल. मग मालकाचा राग विजेवर का? कारण विजेला मीटर असतो. खुर्चीला नसतो. जे मोजता येतं त्यावर आपण बोट ठेवतो, आणि खरं दुखणं न मोजलेल्या गोष्टीचं असतं. तो तरुण जे वापरतोय ते आहे टेबल आणि वेळ, आणि या दोन्हींचा दर मेन्यूकार्डावर लिहिलेला नाही.

वीज ही ‘वस्तू’ आहे का, या प्रश्नाने कायदेपंडितांनाही पूर्वी घाम फोडला आहे. जर्मनीत 1899 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वीज ही हाताने उचलून नेता येणारी वस्तू नाही, म्हणून तिची ‘चोरी’ होऊ शकत नाही. झालं! पुढच्याच वर्षी त्यांना त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडेही 1860 च्या दंडसंहितेत चोरी म्हणजे जंगम मालमत्तेची चोरी. विजेसाठी 1910 च्या वीज कायद्यात स्वतंत्र कलम घालावं लागलं. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की विजेची चोरी दंडसंहितेतल्या व्याख्येत बसत नाही, ती त्या खास कायद्यामुळे गुन्हा ठरते. पण हे सगळं आकडे टाकणाऱ्यांसाठी. मालकाने स्वतः भिंतीत सॉकेट बसवलं, वर ‘वाय-फाय उपलब्ध’ अशी पाटी लावली, तर चार्जर लावणाऱ्याला चोर कोण म्हणेल? त्याला फार तर संकोच नसलेला माणूस म्हणता येईल. म्हणजे प्रश्न कायद्याचा राहत नाही, तो रीतीचा होतो.

रीतीचा म्हटल्यावर इराणी आलेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या पूर्वार्धापर्यंत इराणातून आलेल्या या मंडळींनी मुंबईत आणि पुण्यात नाक्यानाक्यांवर हॉटेलं काढली. धोबी तलावाजवळची कयानी 1904 ची, आपल्या डेक्कनवरचं गुडलक 1935 चं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बन मस्का आणि चहा. एका चहावर किती बसायचं, हा तिथला रोजचा प्रश्न होता, आणि इराण्याने त्याचं उत्तर पाट्यांनी दिलं. कयानीसमोरच बस्तानी नावाचं हॉटेल होतं. तिथल्या पाट्या इतक्या होत्या की निसिम इझिकेल यांनी त्यांच्यावरून इंग्रजीत कविताच केली. केस विंचरण्यापासून उधारीपर्यंत सगळ्याला बंदी, आणि फार वेळ बसण्यालाही.

पण गंमत बघा. तोच इराणी गिऱ्हाईक बसावं म्हणून वीजही खर्च करत होता. पंखा, रेडिओ, पुढे नाणं टाकून गाणं लावायचा ज्यूकबॉक्स. 1952 च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. घरात रेडिओ नसलेल्यांना बुधवारी संध्याकाळी हॉटेल जवळचं वाटू लागलं. एका हाताने बोलावायचं, दुसऱ्या हाताने उठवायचं. आजचा कॅफेवाला हेच करतो. वाय-फायचा पासवर्ड स्वतः देतो, आणि मग तासाभराने पोऱ्याला टेबल पुसायला पाठवतो. ज्या टेबलावर काही सांडलेलं नाही ते तीनदा पुसलं गेलं की समजायचं!

बसणाऱ्यांची चिंता फक्त मालकांना असते असंही नाही. लंडनमध्ये 1652 साली पहिलं कॉफीगृह निघालं. एक पेनी द्यायची आणि बसायचं, वर्तमानपत्रं वाचायची, वाद घालायचे. म्हणून लोक त्यांना ‘पेनी विद्यापीठं’ म्हणू लागले. लॉइड नावाच्या माणसाच्या कॉफीगृहात जहाजवाले आणि विमा उतरवणारे तासन्‌तास बसत, त्यातून लॉइड्सची विमापेढी उभी राहिली. आणि राजा दुसरा चार्ल्स याने 1675 च्या डिसेंबरात फर्मान काढलं की सगळी कॉफीगृहं बंद. का, तर लोक तिथे बसून सरकारबद्दल बोलतात. इतका ओरडा झाला की अंमल सुरू होण्याआधीच फर्मान मागे घ्यावं लागलं. आपल्याकडे तीनशे वर्षांनी, आणीबाणीत, दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधलं कॉफी हाउस पाडलं गेलं. तेव्हा मात्र ओरडा करायची सोय नव्हती.

थोडं आपल्या परंपरेकडे वळतो. ‘अतिथी’ या शब्दाचा अर्थ आपण सर्रास ‘तिथी न ठरवता येणारा’ असा सांगतो. मनुस्मृतीत मात्र वेगळी व्युत्पत्ती दिली आहे. जो एकच रात्र राहतो, ज्याचं राहणं कायमचं नाही, तो अतिथी. म्हणजे मुक्कामाची मर्यादा शब्दाच्या पोटातच आहे. कांट 1795 च्या शांततेवरच्या निबंधात जवळजवळ हेच म्हणतो. परक्याला येण्याचा, भेटीचा हक्क आहे, पण पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क नाही. त्यासाठी यजमानाशी वेगळा करार लागतो.

पण मनुस्मृतीतला तो अतिथी ब्राह्मण आहे, हे वगळून पुढे जाता येणार नाही. आपल्या देशात ‘किती वेळ बसावं’ याच्या आधी ‘बसू देतील का’ हा प्रश्न होता. हॉटेलात वेगळी कपबशी, ती स्वतः विसळून ठेवायची, किंवा बाहेरच उभं राहून प्यायचं, हे या महाराष्ट्रात गावोगाव होतं. म्हणून संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख आला, आणि 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने तिथे मज्जाव करणं गुन्हा ठरवलं. आत येण्याचा हक्क असा लढून मिळाला. आत आल्यावर किती बसायचं, ते कुठल्याच कायद्यात नाही. म्हणून मी सावध असतो. ‘फार वेळ बसणारे’ ही तक्रार ऐकली की मी आधी बघतो, उठवतात कोणाला. महागड्या लॅपटॉपवाल्याला टेबल पुसून सुचवतात, आणि साध्या चपलेतल्या मुलाला तोंडावर सांगतात. हा भेद मी लोणावळ्यात आणि पुण्यातही पाहिला आहे. तो मला चार तास बसण्यापेक्षा जास्त खटकतो.

मावळात वीज हा शब्द उच्चारला की आणखी एक पाहुणा आठवतो. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पाणी अडवलं गेलं. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारं पाणी घाटाखाली पश्चिमेला, जवळजवळ 500 मीटर खाली सोडलं, आणि 1915 मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. 1922 मध्ये ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचं वीजगृह आलं. शेजारच्या मुळशीत 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तीन वर्षं लढूनही धरण झालंच. गिरण्या चालल्या, पण ज्यांच्या शिवारात ते पाणी साठलं त्यांच्या घरात दिवा लागायला पुढे कित्येक वर्षं गेली. पाहुणा आला, राहिला, आणि यजमानालाच घर सोडावं लागलं. आज ग्रिडमधल्या कुठल्या सॉकेटात कुठली वीज येते हे सांगता येणार नाही. पण आंदर मावळातला एखादा मुलगा, घरी वीज आणि रेंज दोन्ही गेली म्हणून खाली येऊन एका कॉफीवर परीक्षेचा अर्ज भरत बसला, तर पाव युनिटाचा हिशेब त्याला मांडून दाखवायला माझी जीभ रेटणार नाही.

मग दाराशी भिजणाऱ्या आजींचं काय? त्यांची बाजू खरी आहे, आणि ती मालकाची बाजूसुद्धा आहे. भाडं, पगार, वीज गेल्यावरचा जनरेटर, हे सगळं शनिवार-रविवारच्या गर्दीवर निघतं. मला वाटतं, वाईटपणा येतो तो दर लपवल्यामुळे. बंगळुरूमध्ये 1996 साली कॅफे कॉफी डे निघालं ते सायबर कॅफे म्हणून. तिथे इंटरनेटचा वेळ उघडपणे विकला जाई आणि सोबत कॉफी असे. मॉस्कोत 2011 मध्ये झिफरब्लाट नावाची जागा निघाली, तिथे मिनिटाचे पैसे, चहा-कॉफी त्यातच. असं आमच्याकडे चालेल का? पुण्यात तर मिनिटांवरूनच भांडणं होतील! पण ‘शनिवार-रविवारी गर्दीत एक तास’ एवढी मराठीत पाटी लावायला काय हरकत आहे? सगळ्यांसाठी एकच, लॅपटॉपवाला असो की चपलेवाला. इराण्याने ते धैर्य दाखवलं होतं. आपण त्याच्या पाट्यांना हसलो, पण आपलं तिथे काय चालेल हे आपल्याला आधी कळत होतं.

आणि बसणाऱ्याने? दाराशी कोणी उभं असेल तर एकदा मान वर करून बघावं, एवढंच. टेबल मोठं असेल तर आजींना समोरची खुर्ची द्यावी. आपल्या जुन्या हॉटेलांत अनोळखी माणसाच्या समोर बसून चहा पिणं अगदी नेहमीचं होतं. ते कधी बंद झालं हे मला शोधायचं आहे. श्रोत्यांपैकी कोणाला आठवत असेल तर सांगा. आता प्रश्न घेऊ.