गर्दीच्या मधोमध दिवे कमी का?

मराठी माध्यमातून बी.ए. झाले आणि आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. भौतिकशास्त्राशी माझा संबंध अकरावीच्या मॅट्रिकबरोबर संपला होता. निवृत्तीनंतर मात्र खगोलशास्त्राचं वाचन सुरू झालं (आमच्या पिढीतल्या पुष्कळांना हा नाद डॉ. जयंत नारळीकरांच्या मराठी लेखनाने लावला), आणि गंमत अशी की त्यात मला विज्ञानापेक्षा इतिहासच जास्त भेटत गेला. पुरावा कोणता, तो कसा मिळाला, ज्याचा पुरावाच हाती लागत नाही त्याचं काय करायचं, हे आमचेच जुने प्रश्न. विश्व लहान असताना दीर्घिकांची गर्दी कुठे कुठे होती याचा शोध ज्या प्रकाशाच्या आधारे लागला, त्या प्रकाशावर भरवसा किती ठेवायचा, हाही तसाच एक प्रश्न आहे.

हायड्रोजन हा विश्वातला सगळ्यात मुबलक वायू. नुकत्याच जन्मलेल्या तापट ताऱ्यांचा प्रकाश त्याच्यावर पडला की तो स्वतःची एक ठरावीक छटा बाहेर टाकतो. तिची तरंगलांबी १२१.६ नॅनोमीटर, म्हणजे ती अतिनील, डोळ्यांना न दिसणारी. हार्वर्डच्या थिओडोर लायमन यांनी १९०६ मध्ये हायड्रोजनच्या या अतिनील रेषा शोधल्या, म्हणून हिचं नाव लायमन-अल्फा. आपलं वातावरण अतिनील किरण अडवतं, त्यामुळे जवळच्या दीर्घिकेतला हा प्रकाश जमिनीवरच्या दुर्बिणीला दिसतच नाही. पण फार दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेत विश्वाबरोबर ताणला जातो. चौपट ताणला की तीच छटा हिरवी होऊन आपल्यापर्यंत पोचते. जवळचं दिसत नाही आणि दूरचं दिसतं, असा हा उलटा न्याय आहे.

१९६७ मध्ये पार्ट्रिज आणि पीबल्स या दोघांनी गणित मांडलं की बाल्यावस्थेतल्या दीर्घिका या छटेत लखलखत असणार, म्हणून त्या शोधून पाहाव्यात. (हेच जेम्स पीबल्स, ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं.) लोकांनी शोधलं. सत्तरचं दशक गेलं, ऐंशीचं गेलं, हाती जवळजवळ काही लागलं नाही. त्या दीर्घिका अपेक्षेपेक्षा बऱ्याच मंद होत्या, हे आता कळतं. आणखी एक कारण या प्रकाशाच्या स्वभावातच आहे, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

लायमन-अल्फाचा किरण थंड हायड्रोजनमधून सरळ जाऊ शकत नाही. वाटेतला अणू त्याला गिळतो आणि लगेच दुसऱ्याच दिशेला फेकतो. मग दुसरा अणू, मग तिसरा. जत्रेच्या गर्दीत सापडलेलं पोर जसं धक्के खात कुठल्या कुठे जाऊन निघतं तसा हा किरण वायूच्या ढगातून भलतीकडूनच बाहेर पडतो. वाटेत धूळ असेल तर निघतही नाही, कारण जितकी भटकंती जास्त तितकी धुळीच्या कणाने त्याला गिळण्याची शक्यता जास्त.

१९९० च्या दशकात हवाईतल्या मौना केआ शिखरावर १० मीटर व्यासाच्या केक दुर्बिणी आल्या आणि चित्र पालटलं. १९९८ साली कौवी आणि हू यांनी या छटेने उजळलेल्या दीर्घिका शोधून दाखवल्या. त्याच वर्षी चार्ल्स स्टायडेल आणि सहकाऱ्यांनी एसएसए२२ नावाच्या आकाशाच्या तुकड्याबद्दल लिहिलं. तिथल्या दीर्घिकांची अंतरं मांडली तेव्हा एका विशिष्ट अंतरावर त्यांची दाटी झालेली दिसली, सुमारे १,१५० कोटी वर्षांपूर्वीची. विश्वाचं वय आज १,३८० कोटी, म्हणजे तेव्हा ते दोनशे कोटींच्या आसपास. हा तुकडा कुंभ राशीत आहे. कुंभात मेळा भरावा हा योगायोगच, पण मला गंमत वाटली.

ही दाटी म्हणजे पुढे होणाऱ्या दीर्घिकासमूहाचं बाळरूप. पण स्टायडेल यांनी त्या दीर्घिका वेगळ्या रीतीने, त्यांच्या एकूण रंगांवरून निवडल्या होत्या. लायमन-अल्फाचे दिवेही तिथेच दाटले आहेत का? त्यांनी पालोमारच्या ५ मीटरच्या जुन्या दुर्बिणीला फक्त ती हिरवी छटा आत सोडणारा फिल्टर लावून पाहिलं. २००० साली उत्तर प्रसिद्ध झालं. होय, दिवेही तिथे नेहमीपेक्षा सुमारे सहापट दाट आहेत. शिवाय दोन प्रचंड, धूसर गोळे सापडले, प्रत्येक लाखो प्रकाशवर्षं पसरलेला, याच छटेत उजळलेला.

मग जपान्यांची सुबारू दुर्बीण आली. सुबारू हे जपानीत आपल्या कृत्तिकांचं नाव. तिचा कॅमेरा एका फोटोत पौर्णिमेच्या चंद्राहून थोडं जास्त आकाश मावेल एवढ्या रुंद नजरेचा होता. मोठ्या दुर्बिणींत ही दुर्मीळ गोष्ट, आणि माझ्या मते या इतिहासातली खरी कलाटणी तीच, कारण गर्दीचा आकार कळायचा तर गर्दीबाहेरचं मोकळं मैदानही फोटोत यायला हवं. हायाशिनो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एसएसए२२ भोवतीचे असे २८३ दिवे निवडले. ते गोल घोळक्यात नव्हते. पट्ट्यासारखे पसरले होते, आजच्या मापाने जवळजवळ २० कोटी प्रकाशवर्षं लांब. पुढच्याच वर्षी मात्सुदा यांनी ५६ दिव्यांचे वर्णपट घेऊन त्या पट्ट्याला खोली दिली. तेव्हा दिसलं की तीन लांबलचक धागे एका ठिकाणी येऊन मिळतात, आणि ते दोन प्रचंड गोळे त्या तिठ्याजवळच आहेत.

इथे थांबलं असतं तर गोष्ट सोपी होती. दिवे मोजा, नकाशा काढा, जिथे दिवे जास्त तिथे वस्ती जास्त. पण तो किरण धक्के खाणारा आहे, हे विसरून चालत नाही. २०११ मध्ये हेज आणि सहकाऱ्यांनी त्या दोन गोळ्यांपैकी एकाच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजलं. बराचसा प्रकाश आतल्या दीर्घिकांमधून निघून भोवतालच्या वायूवर आपटून पसरलेला आहे, असं त्यावरून दिसलं. म्हणजे जिथे उजेड दिसतो तिथेच दिवा असतो असं नाही.

आणि २०१७ मध्ये शिमाकावा यांच्या गटाने दुसरी बाजू पुढे आणली. यूएसएस १५५८-००३ ही अशीच एक गर्दी, सुमारे १,१०० कोटी वर्षांपूर्वीची. तिथल्या दीर्घिका आधी हायड्रोजनच्या दुसऱ्या, लाल छटेत शोधलेल्या होत्या. ही छटा ताणली जाऊन अवरक्त होते आणि तिला वायू असा अडवत नाही. आता त्याच जागेचा लायमन-अल्फातला नकाशा काढला. मोठ्या प्रमाणावर दोन्ही जुळत होते, गर्दी त्याच पट्ट्यात होती. पण जिथे दीर्घिका सगळ्यात दाट, नेमके तिथेच लायमन-अल्फाचे दिवे अगदी थोडे! दीर्घिका होत्या, तारेही जन्मत होते, फक्त हा एक प्रकाश बाहेर येत नव्हता. दाट वायू आणि धूळ, दोन्ही किंवा दोन्हींपैकी एक, हे त्यांनी सुचवलेलं कारण. आणि त्यांनी स्पष्ट बजावलं की आजवर केवळ या दिव्यांवरून ज्यांनी गर्दी शोधली, त्यांच्या नजरेतून गर्दीचा गाभाच निसटलेला असू शकतो.

मला लगेच वर्गातली हजेरी आठवली. गोंगाट जास्त असतो तिथल्याच बाकावरचं "हजर" ऐकू येत नाही, आणि वहीत मात्र त्या पोराची गैरहजेरी लागते. गाभ्याचंच महत्त्व जास्त, कारण गर्दीचा दीर्घिकांवर काय परिणाम होतो, त्या लवकर म्हाताऱ्या होतात की काय, ते तिथेच आधी कळणार. प्रत्येक गर्दीत असंच घडतं असंही नाही. एसएसए२२ मध्ये दाट भागात दिवे भरपूर आहेत. त्यामुळे एका गर्दीचा नियम दुसरीला लावून टाकता येत नाही.

एसएसए२२ मधल्या त्या धाग्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. २०१९ मध्ये उमेहाता आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने दीर्घिकांच्या मधला वायूच या छटेत टिपला. तीस लाख प्रकाशवर्षांहून लांब वायूच्या दोऱ्या, आणि त्यांच्यावर ओवल्यासारख्या दीर्घिका. तोवर दिव्यांवरून धागा आहे असं अनुमान होतं. आता धागाच दिसला.

आपल्या पुण्यातल्या आयुकाच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला 'सरस्वती' महासमूह पुष्कळांना आठवत असेल. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा, म्हणजे बराच वयात आलेला. ही बाळं त्याच्या कितीतरी आधीची.

सध्या चिलीतच ब्लँको दुर्बिणीवरून ओडिन नावाची पाहणी चालू आहे. तीन वेगळ्या छटांचे फिल्टर, म्हणजे तीन वेगळे काळ, आणि आकाश थोडंथोडकं नाही, साधारण ५०० पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढं. गर्द्या शेकड्यांनी सापडतील. पण तीही पाहणी लायमन-अल्फाच्या दिव्यांवरच चालते, तेव्हा सापडलेल्या प्रत्येक गर्दीच्या मधोमध कोणीतरी अवरक्त दुर्बीण वळवून पुन्हा एकदा हजेरी घ्यावी लागणारच.