डाय-कास्ट मोटारी, युरोपीय (संग्रह : नाशिक व महाराष्ट्र)

डाय-कास्ट मोटारी म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचा रस पोलादी साच्यात दाबाने भरून घडवलेल्या, मूळ गाडीशी ठरावीक प्रमाण राखणाऱ्या छोट्या प्रतिकृती. मिश्रधातूत जस्ताबरोबर ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम व तांबे असते. रूढ प्रमाणे १:१८, १:४३ व १:६४. सुमारे ४.३ मी. लांबीची ॲम्बॅसिडर या प्रमाणांत अनुक्रमे सुमारे २४, १० व ६.७ सेंमी. भरते. १:४३ हे प्रमाण ब्रिटिश ‘ओ-गेज’ खेळण्यातल्या रेल्वेच्या मापावरून (एका फुटास ७ मिमी.) आले. जुन्या युरोपीय गाड्यांचे संग्रह मुख्यत्वे याच्या आसपासच्या मापात आहेत.

निर्माते : लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३३ मध्ये रेल्वेच्या देखाव्यासाठी छोट्या मोटारी काढल्या. १९३४ पासून त्या ‘डिंकी टॉइज’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या. बिन्स रोडवरील तो कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. स्वॉन्सी येथील मेटॉयने १९५६ मध्ये ‘कॉर्गी’ बाजारात आणली. खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिकच्या काचा हे तिचे वैशिष्ट्य. लंडनच्या लेस्नीची ‘मॅचबॉक्स’ १९५३ ची. फ्रान्समध्ये सॉलिडो, इटलीत मर्क्युरी व पुढे बुरागो, डेन्मार्कमध्ये टेक्नो, जर्मनीत मिनीचॅम्प्स.

भारतीय रस्त्यावरील गाड्या : ज्या युरोपीय गाड्या तिकडे ‘क्लासिक’ ठरल्या, त्यांतल्या कित्येक आपल्याकडे रोजच्या होत्या. म्हणून मराठी संग्राहकाच्या दृष्टीने फेरारी किंवा बुगाटीपेक्षा पुढील मॉडेल अधिक मोलाची आहेत. डिंकीची क्र. १५९, मॉरिस ऑक्सफर्ड, ही हिंदुस्थान मोटर्सच्या ‘हिंदुस्थान फोर्टीन’ची मूळ गाडी. कॉर्गीची क्र. २०२, मॉरिस काउली, ही कॉर्गीच्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी. तिचा सांगाडा ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेचा, म्हणजे आपल्या ‘लँडमास्टर’चा. तिसऱ्या मालिकेपासून १९५७ मध्ये ॲम्बॅसिडर निघाली व २०१४ पर्यंत बनत राहिली. १:४३ मधील कलकत्त्याची टॅक्सी हे तिचे संग्राहकांत परिचित रूप. डिंकीची क्र. १५३, स्टँडर्ड व्हॅनगार्ड, आणि क्र. १८९, ट्रायम्फ हेराल्ड, या दोन्ही मूळ गाड्या मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने भारतीय रस्त्यांवर आणल्या.

फियाट ११०० चे स्थान सर्वांत वरचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडे. १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव तिला मिळाले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तीच झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. फियाट ११०० चे छोटे मॉडेल आता त्या गाडीची हाताळता येण्याजोगी आठवण आहे.

भारतीय बनावट : डिंकीचे काही साचे १९६० च्या दशकाअखेरीस कलकत्त्यात आले व त्यांवरून ‘निकी टॉइज’ निघाली. जग्वार ई-टाइप, जग्वार मार्क टेन, बेंटली, एमजीबी, मर्सिडीज २२० एसई व फोक्सवॅगन १५०० या तिच्या गाड्या. रंगाचा थर जाड, कडा भरड. गाडी उलटी केली की तळपट्टीवर ‘डिंकी’च्या जागी ‘निकी’ दिसते. क्र. १३४ लक्षणीय आहे. साचा ट्रायम्फ व्हिटेसचा, नाव मात्र ‘स्टँडर्ड हेराल्ड’. समोरून पाहिल्यास तिरके बसवलेले चार दिवे दिसतात; खऱ्या हेराल्डला दोनच. भारतीय ग्राहकाला ओळखीचे नाव हवे म्हणून हा बदल केलेला दिसतो. ‘मिल्टन’ हीही कलकत्त्याचीच. मुंबईच्या ब्लो प्लास्टने ‘लिओ’ नावाखाली मॅटेलच्या सहकार्याने हॉट व्हील्स काढल्या.

नाशिक : नाशिकच्या महिंद्र कारखान्यातून दोन युरोपीय गाड्या निघाल्या : १९९६ पासून फोर्ड एस्कॉर्ट व २००७ पासून रेनो लोगान. रेनो २०१० मध्ये महिंद्रबरोबरच्या भागीदारीतून बाहेर पडल्यावर लोगानचे ‘व्हेरिटो’ झाले. एस्कॉर्टच्या रॅलीतल्या कॉसवर्थ आवृत्तीचे १:४३ मॉडेल मिनीचॅम्प्सने काढले आहे. लोगान युरोपात डाचिया नावाने विकली गेल्यामुळे मॉडेलच्या डब्यावर तेच नाव शोधावे लागते. ही जोडी नाशिकच्या कोणत्याही संग्रहात असावी, कारण मूळ गाड्या इथल्याच कामगारांनी जोडल्या. सातपूर व अंबडच्या कारखान्यांत मोटारींचे सुटे भागही अशाच दाबाच्या ओतकामाने बनतात.

बाजार : मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार. नव्या मालासाठी खेळण्यांची दुकाने व ऑनलाइन खरेदी. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. परदेशी मॉडेलचा खर्च त्याने बराच वाढला.

दुरुस्ती : जुनी गाडी पुन्हा रंगवावी की नाही, यावर मतभेद आहेत. मूळ रंग, मग तो उडालेला का असेना, टिकवावा असे बहुतेक जुने संग्राहक मानतात. पुन्हा रंगवलेली गाडी विकताना तसे सांगणे सर्वमान्य आहे.

जतन : मिश्रधातूत शिसे मिसळले गेले असल्यास धातू फुगतो, त्याला भेगा पडतात व शेवटी तुकडे होतात. युद्धपूर्व डिंकींत हा दोष जास्त आढळतो. त्यावर इलाज नाही; उष्णता व दमट हवा तो वेगाने वाढवतात. हा दोष एका गाडीतून दुसरीत पसरत नाही. नाशिकचा चाळीस अंशांपुढे जाणारा उन्हाळा व चार महिन्यांचा पावसाळा लक्षात घेता गाड्या बाहेरच्या भिंतीपासून दूर, उन्हाआड, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. मऊ टायर प्लास्टिकच्या चाकाला किंवा डब्याच्या तळाला चिकटून ते वितळवू शकतात. म्हणून गाडी अधूनमधून उचलून पाहावी.

संग्रहालये : नाशिक जिल्ह्यात नाण्यांसाठी अंजनेरीची संशोधन संस्था (१९८०) व खनिजांसाठी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आहे, पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचे संग्रहालय (१९९८). मोटारींच्या मॉडेलनाही याच तोलाची जागा मिळायला हवी.

नोंदणी : प्रत्येक गाडीसाठी निर्माता, क्रमांक, तळपट्टीवरचा पूर्ण मजकूर, रंग, चाकांचा प्रकार, डबा आहे की नाही व खरेदीचे ठिकाण लिहून ठेवावे. निकीसारख्या भारतीय गाड्यांबाबत हे विशेष गरजेचे आहे. त्यांचा बराचसा इतिहास त्या तळपट्टीवरच वाचावा लागतो.